ताई, बरं हाय न्हवं?

रिपोर्ट हातात घेताना माणसं कागदाकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर मी बरीच वर्षं बसते. नाव-वय लिहून घ्यायचं, पैसे घ्यायचे, बाटल्यांवर लेबलं चिकटवायची आणि संध्याकाळी पाकिटं वाटायची, हे माझं काम. रिपोर्टचा अर्थ आपण सांगायचा नाही, तो डॉक्टरांनी सांगायचा, हा लॅबचा पहिला नियम. नियम योग्यच आहे. पण "ताई, बरं हाय न्हवं?" असं विचारणारा माणूस माझ्या भुवया वाचत असतो. म्हणून पाकीट देताना चेहरा कोरा ठेवायला मी शिकले. कोरा चेहरा बघून काही जण जास्तच घाबरतात, त्याला माझा इलाज नाही.

डेंगीचा रिपोर्ट नेणाऱ्याला आपल्याला काय झालंय ते ठाऊक असतं. शुगरवाल्यांचं तर विचारूच नका. सकाळी रंकाळ्यावर फिरणाऱ्या कुठल्याही घोळक्यात जाऊन उभे राहा, प्रत्येकाला आपली उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि तीन महिन्यांची अशी सगळी शुगर तोंडपाठ. किडनीवाल्यांचं तसं नाही. त्यांच्याजवळ एकच आकडा असतो, क्रिएटिनिनचा. "माझं दोन पॉइंट एक. मेव्हण्याचं सहा होतं, त्येच्या मानानं माझं कायच न्हाई." मेव्हणा आता कुठे आहे, हे विचारायचं नसतं.

हा आकडा फार फसवा आहे. एका संध्याकाळी माझ्यासमोर दोन पाकिटं पडली होती, दोन्हींत क्रिएटिनिन 1.4, दोन्हीकडे ठळक अक्षरात. एक होता तालमीतला चोवीस वर्षांचा पैलवान, मान आणि खांदा यांच्यात फरकच नाही असा. दुसरी साठीची काटकुळी मावशी, कागलकडच्या एका गावातून एसटीनं आलेली. पैलवानाची आई ठळक अक्षर बघून रडायलाच लागली. मावशी निवांत. "एक पॉइंट चार म्हंजे काय लई न्हाई की," म्हणाली आणि पाकीट पिशवीत कोंबून मंडईत गेली.

आता खरा हिशोब बघा. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून येणारा कचरा. ज्याच्या अंगावर मांस जास्त त्याचा कचरा जास्त, त्यात किडनीचा दोष असेलच असं नाही. म्हणून वय आणि स्त्री-पुरुष हे धरून एक सूत्र लावतात आणि त्यातून ईजीएफआर काढतात, म्हणजे किडन्या मिनिटाला साधारण किती मिलिलिटर रक्त गाळतात त्याचा अंदाज. 2021 च्या सूत्रानं पैलवानाचा आकडा येतो 72, आणि त्याचं शरीर बघता खरा बहुधा त्याहून बराच असणार. मावशीचा येतो 43. साठच्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला की त्याला दीर्घकाळाचा किडनीचा आजार म्हणतात, आणि 43 म्हणजे पाचपैकी तिसऱ्या टप्प्याचा उतरता अर्धा भाग. हा ईजीएफआर आमच्या रिपोर्टवर छापलेला असतो, अगदी तळाला, बारीक अक्षरात. तिथपर्यंत कुणाची नजर जात नाही. डॉक्टर मंडळी त्याचे टक्के करून सांगतात, "तुमची किडनी चाळीस टक्के चालतीया." शास्त्राच्या काटेकोर हिशोबात ते बसत नाही, पण मला ते पटतं. टक्का माणसाला कळतो. दोन पॉइंट एक कळत नाही.

त्यात आणखी एक खेळ चालतो. माणसं एकाच आठवड्यात दोन लॅबमध्ये रक्त देतात. एकीकडे 2.1 येतं, दुसरीकडे 1.9. यंत्र वेगळं, पद्धत वेगळी, आदल्या रात्रीचं मटण वेगळं, एवढा फरक पडणारच. पण 1.9 वाल्या लॅबची कीर्ती लगेच गल्लीभर होते. "तिथं करा, तिथं कमी येतंय."

आमच्याकडे पेशंट पाठवणारे एक किडनीचे डॉक्टर आहेत. ते क्रिएटिनिन समजावताना गुऱ्हाळाचं उदाहरण देतात, आणि आमच्या भागात ते नेमकं बसतं. गुऱ्हाळावर दहा गडी कामाला आहेत. त्यातले दोन पळून गेले, तरी उरलेले आठ जण काम ओढतात, गूळ ठरल्या वेळी निघतो. आणखी दोन गेले, तरी मालकाला पत्ता नाही. पाच गेले की मग कुठे मळी साचायला लागते आणि मालक विचारतो, काय झालं रे? क्रिएटिनिन म्हणजे ती मळी. ते नॉर्मलच्या रेघेच्या वर दिसायला लागतं तोवर निम्म्याच्या आसपास ताकद गेलेली असते. आणि उरलेल्या गड्यांवर दुपटीचं ओझं पडतं, म्हणून तेही लवकर थकतात. एका किडनीत असे साधारण दहा लाख गडी असतात, दोन्ही मिळून दिवसाला 180 लिटरच्या आसपास पाणी गाळतात, आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात पाठवतात. एवढा मोठा कारभार, पण निम्मा बंद पडला तरी आतून आवाज येत नाही. दुखत नाही, खुपत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेचा अंदाज आहे की तिथल्या प्रौढांत सातातल्या एकाला हा आजार आहे आणि त्यातल्या दहापैकी नऊ जणांना त्याचा पत्ता नाही. जिथं फॅमिली डॉक्टर फोन करून तपासणीची आठवण देतो, तिथं ही गत.

दुखत नाही, म्हणून मग माणसं दुसरीकडे पुरावा शोधतात. सगळ्यात मोठा पुरावा लघवीचा. "लघवी तर भरपूर होती की ओ, मग किडनी खराब कशी?" हा प्रश्न मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते, आणि विचारणारा माणूस अडाणी नसतो. नळाला पाणी येतंय म्हणजे टाकी भरलेली, असंच कुणालाही वाटेल. पण पाणी बाहेर पडणं आणि घाण बाहेर पडणं या दोन गोष्टी आहेत. आजारी किडनी पातळ पाण्यासारखी लघवी भरपूर करते, कारण ती घट्ट करण्याची ताकदच तिच्यात उरत नाही. रात्री तीन-तीनदा उठावं लागतं ते त्यामुळेही असू शकतं. घरात सगळे म्हणतात, वय झालं.

दुसरा घोळ मुतखड्याचा. आमच्याकडे घरटी एकाला तरी खडा होऊन गेलेला असतो, त्यामुळे किडनी म्हटलं की प्रत्येकाजवळ सल्ला तयार. पानफुटीची पानं खा, हुलग्याचं पाणी प्या, दिवसाला चार-पाच लिटर पाणी ढोसा. खडेवाल्याला पाणी जास्त प्यायला सांगतात ते खरं आहे. पण ज्याच्या पायावर सूज आहे, ज्याला डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, तो शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तांब्यामागून तांब्या रिकामा करतो आणि रात्री दम लागून दवाखान्यात जातो.

लघवीवरून आठवलं. चोवीस तासांची लघवी गोळा करायची एक तपासणी असते. आम्ही पाच लिटरचा कॅन देतो. सकाळची पहिली सोडून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, मग दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली, सगळी त्यात. मी हे बोटांवर मोजून सांगते, मग लिहून देते. एक निवृत्त गुरुजी कॅन घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर झाले. कॅनमध्ये तळाला अर्धा लिटरही नव्हती. मी विचारलं, "गुरुजी, एवढीच झाली?" गुरुजी म्हणाले, "छे, कॅन निम्म्याच्या वर गेला होता. पण तुम्हाला तपासायला एवढी लागते होय? यष्टीत हिंदकळंल म्हणून वरची ओतून दिली. खालची घट्ट घट्ट आणली." मला हसू आवरेना आणि गुरुजींना त्यात काय चुकलं ते कळेना. त्यांचा विचार मुळात बरोबर होता. रक्त बघा, पाच मिलिलिटरच घेतात. चोवीस तासांत एकूण किती प्रथिन वाया गेलं ते मोजायचंय, म्हणून एकूण एक थेंब हवा, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही "सगळी आणा" एवढंच सांगितलेलं, "का" ते नाही. ज्या सूचनेमागचं कारण माहीत नसतं ती सूचना माणूस आपल्या अकलेनं दुरुस्त करतो. किडनीच्या आजारात सगळीकडे हेच चाललेलं दिसतं.

गोळ्यांचं बघा. बीपीची एक गोळी असते, टेल्मिसार्टनसारखी, जी किडनीवरचा दाबही कमी करते. ती सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वर चढतं. डॉक्टरांना ते अपेक्षित असतं, तीस टक्क्यांपर्यंतची वाढ ते चालवून घेतात. गुऱ्हाळावर उरलेल्या गड्यांना जरा उसंत दिली की त्या दिवशी मळी थोडी जास्त दिसणारच. पण पेशंटच्या बाजूनं विचार करा. गोळी चालू केली, 1.8 चं 2.0 झालं. सरळ हिशोब आहे, गोळीनं वाढलं. गोळी बंद. आणि पुढच्या वेळी 1.8 आलं की तो विजयानं माझ्याकडे बघतो.

दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन. मूळ शुगरची. 2020 साली तिची किडनीच्या पेशंटवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, चार हजारांवर लोक होते, त्यातल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याला शुगर नव्हतीच, तरी किडनी टिकवायला फायदा दोघांनाही झाला. तेव्हापासून बिनशुगरवाल्यांनाही ती देतात. आता मेडिकलवाला पुडी देताना सवयीनं सांगतो, "ही शुगरची." घरी चर्चा होते. आपल्याला शुगर न्हाई, मग शुगरची गोळी कशाला? डॉक्टरांची चूक झाली असणार. चांगल्या मनाचा पेशंट डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून काही बोलत नाही, गोळी मात्र डबीत पडून राहते.

आणि ज्या गोळ्या खरंच बंद करायला हव्यात, त्या कुणी गोळ्यांत धरतच नाही. फॉर्म भरताना मी विचारते, औषधं कुठली चालू? बीपीची सांगतात, शुगरची सांगतात. गुडघ्याची? "ती व्हय, ती काय रोजची न्हाई, दुखलं की घेतो." दुखतं रोज. उसाच्या फडात, फाउंड्रीत, रिक्षात दिवस काढलेल्या माणसाला डायक्लोफिनॅक म्हणजे चहासारखं. अर्धवट गेलेल्या किडनीला तेवढं पुरतं.

डॉक्टर समजावत नाहीत असं म्हणणं सोपं आहे. मी ओपीडीच्या बाहेरच्या बाकावर बसून पाहिलंय, एका माणसाच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात. त्यात बीपी, सूज, रिपोर्ट, गोळ्या. शेवटी डॉक्टर विचारतात, "समजलं?" पेशंट म्हणतो, "व्हय." या "व्हय"चा समजण्याशी संबंध नसतो. तो मान राखण्याचा भाग आहे, आणि बाहेर सव्वीसजण बसलेत याची जाणीवही. ते गुऱ्हाळवाले डॉक्टर "समजलं का" असं विचारतच नाहीत. ते विचारतात, "आता घरी गेल्यावर सूनबाईनं विचारलं, काय म्हणाले डॉक्टर, तर काय सांगशीला आबा?" मग आबा आढ्याकडे बघतात. तिथून खरं बोलणं सुरू होतं. त्यांच्या ओपीडीला उशीर होतो म्हणून लोक कुरकुरतातही.

खाण्याचा विषय कोल्हापुरात नाजूक. तांबडा-पांढरा बंद म्हटलं की माणूस आजार विसरून अपमान लक्षात ठेवतो. पण खरी गडबड रश्श्यापेक्षा बाकीच्या गोष्टींत आहे, चटणी, खर्डा, लोणचं, पापड, भडंग. सगळं मीठच. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना निरोग्यालाही सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. लोक काय करतात, पांढरं मीठ सोडून सैंधव घेतात आणि दुप्पट घालतात. सैंधवही सोडियमचंच मीठ. त्याहून वाईट म्हणजे कमी सोडियमवालं मीठ, कारण त्यात पोटॅशियम घातलेलं असतं आणि शेवटच्या टप्प्यातल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आणि आपण दवाखान्यात माणूस बघायला जाताना काय नेतो? शहाळं. एका मोठ्या पेल्यात 600 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम.

उलट बाजूही आहे, आणि ती मला जास्त टोचते. तिसऱ्या टप्प्यातला, पोटॅशियम अगदी व्यवस्थित असलेला माणूस डायलिसिसवाल्या शेजाऱ्याचा पथ्याचा कागद झेरॉक्स करून आणतो. फळ बंद, दूध बंद, डाळ बंद. सहा महिन्यांत गालफडं बसतात. प्रथिन फार नको, वजनाच्या किलोमागे 0.8 ग्रॅम पुरे, असं या टप्प्यावर सांगतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 48 ग्रॅम. ते काही उपाशी राहणं नव्हे. आणि डायलिसिस सुरू झालं की प्रथिन उलट वाढवावं लागतं. हे उलटंपालटं कुणी सांगितलं नाही तर जुनाच कागद फ्रीजवर चिकटलेला राहतो.

डायलिसिसबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्याविषयी ऐकीव गोष्टी फार. "आमच्या पावण्याचं दोनदा डायलिसिस झालं आन् किडनी परत चालू झाली" ही गोष्ट खरी असू शकते. साप चावून, लेप्टोच्या तापानं, किंवा जुलाबांनी अंगातलं पाणी जाऊन किडनी अचानक बसते, तिला काही दिवस टेका दिला तर ती उठतेही. वर्षानुवर्षं झिजलेली किडनी तशी उठत नाही. यंत्र तेच, खोली तीच, आजार दोन. आणि "डायलिसिस लावलं की माणूस जातो" ही दुसरी गोष्ट तयार होते, ती उशिरा येणाऱ्यांमुळे. हातावर फिस्टुला करून ठेवला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला हातातली धमनी आणि शीर जोडून ठेवली, तर तो सुईला तयार व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात. पण फिस्टुला करणं म्हणजे कबूल करणं, म्हणून माणसं हात पुढे करत नाहीत, आणि मग मध्यरात्री मानेतल्या शिरेत नळी घालायची वेळ येते. पैशांची भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आणि 2016 पासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रमही आहे. वेळेचा प्रश्न मात्र कुठल्या योजनेत बसत नाही. आठवड्यातून तीनदा चार-चार तास, म्हणजे 168 तासांचं काम 12 तासांत. राधानगरीकडच्या माणसाला त्यात जाण्या-येण्याचे धरायचे.

रिपोर्ट नेणारा बहुतेक वेळा पेशंट नसतोच. मुलगा असतो, जावई असतो. हळू आवाजात सांगतो, "ताई, वडलांचा फोन आला तर नॉर्मल हाय म्हणून सांगा." आता रिपोर्ट मोबाइलवर जातो, तर नंबर मुलाचा. मला यात फसवणूक दिसत नाही, माया दिसते. पण या मायेपायी रोग ज्याच्या अंगात आहे त्यालाच त्याची सगळ्यात कमी माहिती असते.

आमच्याही घरात हेच होतं. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गडहिंग्लजकडच्या, चौथी शिकलेल्या, शुगर जुनी. त्यांचा ईजीएफआर 38. फाइल कपाटावर, नवऱ्याच्या ताब्यात. "आईला सांगू नकोस, तिचं बीपी वाढेल." लोणच्याची बरणी माझ्या हातानं वरच्या फळीवर गेली, कारण न सांगता. सासूबाईंनी कधी विचारलं नाही. पण त्यांनी बँकेचं पुस्तक काढून धाकट्याच्या नावाचं काय ते एकदा बोलून घेतलं, नातीला आपल्या पाटल्या दाखवून ठेवल्या, जोतिबाला जाऊन आल्या. आम्हाला वाटत होतं त्यांना काही माहीत नाही.

मग एकदा तपासणीला गेल्यावर त्यांनी डॉक्टरांना थेट विचारलं, "मला येक सांगा. ही किडनी माझ्या आधी जाणार, का मी तिच्या आधी?"

नवरा खुर्चीतून अर्धा उठला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "आजी, हा प्रश्न मला कुणीच विचारत नाही." जुने रिपोर्ट मागून घेतले, औषधाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला ठिपके काढले, ते जोडले. रेघ जवळजवळ आडवी. वर्षाला एखादा अंक उतरतोय. लघवीतून प्रथिनही फारसं जात नाही. "डायलिसिसचा विचार दहाच्या आसपास करतात. तुमची आत्ता अडतीस. या चालीनं गेली तर तुमची शंभरी झाल्यावर आपण बसून बोलू. बीपी आणि शुगर सांभाळली, गुडघ्याच्या गोळ्या खाल्ल्या नाहीत, तर. चाल बिघडली तर मीच सांगेन."

सासूबाईंनी कागद हातात घेऊन रेघेवरून बोट फिरवलं. मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "मग येवढे दिस मला कशापायी भ्या घालून ठेवलंसा?" आम्ही भीती घातली नव्हती, काही सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ते एकच होतं. पापडाचं विचारलं, डॉक्टर म्हणाले अर्धा, त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून फाइल त्यांच्या ट्रंकेत आहे आणि लोणच्याची बरणी खाली आलीय, पण त्या स्वतःच हात लावत नाहीत. नातीला दटावतात, "मला नगं देऊस, माझी अडतीस हाय."

सगळ्यांची रेघ अशी आडवी नसते. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणारा एक चाळिशीचा माणूस योजनेच्या कागदपत्रांसाठी जुना रिपोर्ट मागायला आला. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळं एकत्र भरलेलं, सोनोग्राफी, बिलं, रेशन कार्डाची झेरॉक्स. गर्दी नव्हती. मी त्याच्या तपासण्या वेगळ्या काढल्या आणि तारखेप्रमाणे काउंटरवर एकाखाली एक मांडल्या. दोन वर्षांचे चार कागद. बोलले काहीच नाही. 1.7. 2.1. 2.6. 3.5. ईजीएफआर 52 वरून 22 वर. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दर टायमाला म्हणायचे, थोडं वाढलंय. थोडं थोडंच येवढं झालं व्हय?"

चारही वेळा त्याला खरंच सांगितलं गेलं होतं. 1.7 चे 2.1 होणं थोडंच असतं. प्रत्येक कागद त्यानं सुटा बघितला होता, बघून पिशवीत टाकला होता. डॉक्टरही बदलले होते, एकदा सांगलीचा, एकदा इथला. त्या दिवशी त्यानं मला विचारलं नाही की बरं आहे का. विचारलं, "आता कुणाला भेटायचं?" हा प्रश्न मात्र माझ्या नियमात बसत होता. मी नाव आणि ओपीडीची वेळ लिहून दिली.

तेव्हापासून मी एक सुरू केलंय. क्रिएटिनिनचा रिपोर्ट देताना त्या माणसाचे आमच्याकडचे मागचे तीन आकडे तारखेसह पाकिटावर पेनानं लिहून देते. लॅबच्या सरांचा आधी विरोध होता, आपण अर्थ सांगायचा नाही म्हणून. मी म्हटलं, अर्थ कुठे सांगतेय, आपलेच छापलेले आकडे आहेत. सॉफ्टवेअरमध्येच ते छापून येतील अशी सोय करा म्हटलं तर कंपनीवाला पैसे मागतो, तिथं घोडं अडलंय. लघवीतल्या अल्ब्युमिनचे, म्हणजे वाया जाणाऱ्या प्रथिनाचे, आकडेही लिहावेत अशी माझी इच्छा आहे, कारण किडनीची गडबड बऱ्याचदा सगळ्यात आधी तिथं दिसते, पण ती तपासणी लोक करतच नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरांनी दोन्ही लिहिलेलं असतं, काउंटरवर आले की म्हणतात, "लघवीचं राहू दे, नुसतं रक्ताचं करा."

पाकिटावरच्या आकड्यांचं काही जणांना अप्रूप वाटतं, काही जण बघतही नाहीत. गेल्या महिन्यात गंगावेशीतला एक दूधवाला पाकीट घेऊन दारापर्यंत गेला आणि परत आला. माझ्याकडून पेन मागून घेतलं. सगळ्यात वरचा, जुना 1.2 त्यानं नीट गिरवून गिरवून खोडला.

"शेवटचे दोन ठेवतो," म्हणाला. "ह्यो जुना दिसला तर बायको हिशोब करत बसंल."